मागच्या चाकाची बाजू

मागचं चाक सरळ असावं. आमच्या धंद्यातला हा पहिला आणि जवळजवळ शेवटचा नियम. सोलापुरात व्हील अलाइनमेंटचं दुकान चालवताना गिऱ्हाईक नेहमी पुढच्या चाकांबद्दल बोलतं. स्टिअरिंग डावीकडं ओढतंय, टायर आतून खातंय, ऐंशीच्या वर गेलं की हाताला थरथर लागतीय. आम्ही ऐकून घेतो आणि आधी मागं बघतो. खड्ड्यात आपटून मागचा एखादा आर्म जरा वाकला, एका बाजूचा टो, म्हणजे चाकाचं आत-बाहेर वळलेपण, बिघडला, की गाडी रस्त्यावर तिरकी चालायला लागते. ती सरळ ठेवायला चालक नकळत स्टिअरिंग वाकडं धरतो आणि तक्रार घेऊन येतो ती स्टिअरिंगची. मशीनच्या पडद्यावर हा तिरकेपणा थ्रस्ट अँगल म्हणून दिसतो. तो अंशात कुणी सांगत नाही, मिनिटांत सांगतात. एका अंशाची साठ मिनिटं. दहा-पंधरा मिनिटांवरून आम्ही पोरांना ओरडतो, बोल्ट पुन्हा सैल करायला लावतो. अर्धा अंश चुकलेला टो नव्या टायरची कड बघता बघता सोलून काढतो. त्या कडेवरून तळहात फिरवला की एका बाजूनं गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवला की करवतीसारखं.

असल्या माणसाला कुणी सांगितलं, की एक मोटार निघाली आहे जिचं मागचं चाक कारखान्यानंच मुद्दाम दहा अंश वळवलंय, तर तो काय म्हणेल? सहाशे मिनिटं! मी म्हणालो, पैशाचा माज. आणि बरीच वर्षं म्हणत राहिलो. चहाच्या टपरीवर, टायरवाल्यांच्या बैठकीत, कुणी विचारलं नाही तरीसुद्धा. आता माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं हे सांगायचं आहे. कारण माझ्या जुन्या मताला जी कारणं होती ती सगळी खोटी नव्हती, आणि काहींवर मी अजूनही अडून आहे.

आधी जुनी बाजू मांडतो.

महागड्या गाड्यांत वळण्याच्या बाबतीत दोन तऱ्हेची हुशारी आली. एक ॲक्टिव्ह स्टिअरिंग, म्हणजे पुढच्या चाकांचं. दुसरी चारही चाकं वळवायची. मी पहिलीच्या बाजूचा होतो, अगदी कट्टर. २००३ साली बीएमडब्ल्यूनं पाच मालिकेच्या गाडीत ती आणली. कल्पना अशी, की स्टिअरिंगचा दांडा खाली चाकं वळवणाऱ्या रॅककडं जातो त्या वाटेत ग्रहमालेसारखा एक गिअर बसवायचा आणि त्याला एक विजेची मोटर जोडायची. तुम्ही हातानं जेवढं फिरवलं त्यात ती मोटर आपल्याकडून कोन मिळवते, नाहीतर वजा करते. गाडी हळू असताना मिळवते, म्हणून थोडंसं फिरवलं तरी चाक भरपूर वळतं. वेगात वजा करते, म्हणून हात जरा हलला तरी गाडी उडी मारत नाही. हिशोबात सांगायचं तर हळू वेगात स्टिअरिंग दहा अंश फिरवलं की चाक एक अंश, आणि जोरात असताना वीस अंशांना एक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे पुरते दोन वेढेही होत नाहीत. मोटर बंद पडली तर ती जागच्या जागी कुलूपबंद होते आणि दांडा साध्या स्टिअरिंगसारखा काम करत राहतो, कारण हात आणि चाक यांच्यामधला लोखंडी संबंध कुठंच तोडलेला नाही. हे मला फार आवडलं होतं. बिघाडाचा आधी विचार केलेली रचना दिसली की मिस्त्री माणसाचा विश्वास बसतो.

त्यात आमची पिढी प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेली. उभ्या पद्मिनीचं स्टिअरिंग फिरवणं म्हणजे काय ते ज्याच्या खांद्याला माहीत आहे त्यालाच माहीत. (प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद हे १८८२ साली सोलापुरात जन्मलेले, तेव्हा मोटारीवर चार शब्द जास्त बोलायचा सोलापूरकराचा हक्कच आहे असं मी धरून चालतो.) त्यामुळं एका डॉक्टरांची मुंबईहून आणलेली, ती सोय असलेली जुनी बीएमडब्ल्यू दुकानात आली आणि सात रस्त्याच्या गर्दीतून ती एका मनगटावर निघाली, तेव्हा मी ठरवून टाकलं. खरं डोकं हे. पुढच्या चाकांनी वळायचं असतं, आणि तिथंच सुधारणा करायची असते.

मागच्या चाकांविरुद्ध माझ्याकडं पुरावासुद्धा होता. फोर्कलिफ्ट. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूतगिरणीच्या आणि टॉवेल कारखान्यांच्या गोदामांत जो फोर्कलिफ्ट फिरतो तो मागच्या चाकांनीच वळतो. जागेवर गर्रकन फिरतो हे खरं, पण त्याचं ढुंगण बाहेर येतं. नवा चालक असला की मागचा कोपरा भिंतीला, खांबाला, नाहीतर सुताच्या गठ्ठ्यांना लागलाच समजा. आणि जरा वेग दिला की ते यंत्र उधळल्यासारखं होतं. ज्या वाहनाला ताशी शंभरनं पुण्याला जायचं आहे त्याला हा स्वभाव कशाला चिकटवायचा?

इतिहासही माझ्या बाजूनं होता. १९८५ मध्ये जपानमध्ये निसाननं स्कायलाइनला मागचं चाक वळवायची सोय दिली. १९८७ मध्ये होंडानं प्रिल्यूडमध्ये ती निव्वळ यांत्रिक पद्धतीनं केली, संगणक नाही, सेन्सर नाही. पुढच्या रॅकपासून मागं एक लांब दांडा गेलेला. स्टिअरिंग थोडं फिरवलं तर मागची चाकं पुढच्यांच्या दिशेनं दीड अंशापर्यंत वळायची. आणखी फिरवत गेलं की सरळ होऊन उलट दिशेनं ५.३ अंशांपर्यंत. महामार्गावर कुणी स्टिअरिंग फार फिरवत नाही आणि गल्लीत फिरवल्याशिवाय भागत नाही, एवढ्या साध्या निरीक्षणावर ती सगळी करामत उभी होती. आज बघताना मला तिचं कौतुक वाटतं; तेव्हा मी एवढंच म्हणायचो, की मग पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती गेली कुठं? अमेरिकेत जीएमनं २००२ मध्ये मोठ्या पिकअपना बारा अंश वळणारी मागची चाकं दिली आणि २००५ मध्ये बंद केली. दोनदा येऊन दोनदा गेलेली गोष्ट तिसऱ्यांदा विकायला आणली आहे, हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

वाक्य चांगलं होतं. त्यावर टाळ्या मिळायच्या.

माझा एक शाळासोबती पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झाला. त्याला आम्ही चिडवायला म्हणून 'सर'च म्हणतो. संध्याकाळी दुकानात येऊन बसतो, पोरांना प्रश्न विचारून छळतो. एकदा मी त्या ॲक्टिव्ह स्टिअरिंगची आरती ओवाळत होतो, तर तो शांतपणे म्हणाला, "ती गाडी तुझ्या गल्लीत एका दमात वळली का?"

"नाही. पण हात किती कमी फिरवावा लागला!"

"तू हात बघतोयस बे. चाक बघ."

मग त्यानं पोराकडून खडू मागून घेतला आणि रॅम्पसमोरच्या फरशीवर गाडी काढली. वरून बघितल्यासारखी, नुसती चार चाकं. मागच्या दोन चाकांतून जाणारी आडवी रेघ बाजूला लांब ओढली. पुढच्या वळलेल्या चाकाला काटकोनात दुसरी रेघ ओढली. दोन्ही जिथं मिळाल्या तिथं एक ठिपका. गाडी ह्या ठिपक्याभोवती फिरते. हे दोनशे वर्षांचं जुनं ज्ञान आहे. म्युनिकच्या लँकेन्सपर्गर नावाच्या घोडागाडीवाल्यानं शोधलं, लंडनमध्ये १८१८ साली ॲकरमननं त्याचं पेटंट काढलं, आणि नाव ॲकरमनचं झालं. आमच्या मशीनवरसुद्धा तेच नाव येतं. एवढं मला माहीत होतं.

"आता तुझं ॲक्टिव्ह स्टिअरिंग," तो म्हणाला. "ह्या चित्रात ते कुठं आहे?"

कुठंच नव्हतं. पुढचं चाक जास्तीत जास्त किती वळतं हे चाकाच्या खोबणीवर, ड्राइव्ह शाफ्टवर, टायरच्या रुंदीवर ठरतं. तिथपर्यंत पोचायला तुम्ही दीड वेढा घ्या नाहीतर पाऊण, ठिपका तिथंच. गाडीला लागणारी जागा एका बोटानंसुद्धा कमी होत नाही. मग त्यानं मागची दोन चाकं पुसून उलट्या दिशेनं जराशी तिरकी काढली. त्यांची रेघ आता आडवी राहिली नाही, पुढं झुकली, आणि ठिपका सरकत गाडीजवळ आला. शिक्षकच तो, आकड्यांशिवाय सोडतो थोडाच! दोन ॲक्सलमधलं अंतर ३.२ मीटर धर, म्हणाला, पुढचं चाक ३५ अंश. ठिपका साधारण साडेचार मीटरांवर येतो. मागं दहा अंश उलटे दे. ३.६५ मीटर. म्हणजे वळण्यापुरता गाडीचा व्हीलबेस ३.२ ऐवजी २.५६ मीटर झाला. मोठी गाडी वळताना स्विफ्टपेक्षा जेमतेम पाच-सहा बोटं लांब. लांब शिडी घेऊन दोघं जण बोळातून वळतात तेव्हा मागचा माणूस उलट बाजूला पाऊल टाकतो, हे कुणी त्याला शिकवलेलं नसतं.

खडूचं चित्र पटलं. पण माणूस चित्रानं बदलत नाही, निदान मी तरी नाही. मी म्हणालो, कागदावर सगळंच वळतं.

मग ती गाडी आली. टेरी टॉवेलचा कारखाना असलेले एक अण्णा, राहायला अजून जुन्या पेठेतच, कारण आई घर सोडायला तयार नाही. त्यांनी मर्सिडीजची एस क्लास घेतली. ही गाडी चाकणला जोडली जाते. मर्सिडीजचा तिथला कारखाना २००९ पासून आहे आणि हे मॉडेल तिथं २०२१ पासून बनतंय. लांबी सव्वापाच मीटरांच्या वर, व्हीलबेस ३.२१६ मीटर. अण्णांना अलाइनमेंट करून घ्यायची नव्हती, नुसतं दाखवायला आणली होती. मी म्हणालो, आणलीच आहे तर चढवू या.

रॅम्पवर पुढच्या चाकांखाली आमच्याकडं गोल फिरत्या थाळ्या असतात, कारण तिथलं चाक वळणार हे गृहीत. मागं असतात नुसत्या सरकत्या पाट्या. चाक जरासं इकडं-तिकडं सरकलं तर सरकू द्यायचं, एवढंच त्यांचं काम. गाडी चालू ठेवून मी बॅटरी घेऊन खाली शिरलो आणि पोराला स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं फिरवायला सांगितलं. मागच्या ॲक्सलवर आडवा बसवलेला एक जाडजूड नळकांड्यासारखा भाग होता. त्यात विजेची मोटर, मोटरवरून एक पट्टा, पट्ट्यावर फिरणारा आट्यांचा दांडा. तो दांडा एका बाजूला सरकला की दोन्हीकडच्या टो लिंक बरोबर सरकतात. आम्ही ज्या टो लिंकचा बोल्ट पाव वेढा फिरवून मिनिटं जुळवतो, तीच लिंक माझ्या डोळ्यांसमोर बोटभर, दोन बोटं सरकत गेली. आवाज जवळजवळ नाहीच. टायरच्या बगलेवरचं नाव कललं. वरून पोरगं ओरडलं, "मालक, मागचं चाक वळतंय की ओ!" आणि आमची ती सरकती पाटी एवढं वळण सहन न होऊन कोपऱ्यात अडकली.

मशीननं पडद्यावर मागच्या चाकांचे आकडे लाल करून दाखवले. बरोबरच होतं तिचं. तिच्या धर्मात ती गाडी मोडलेली होती.

अण्णांच्या घराकडं जायला साखर पेठेत एक काटकोनी वळण आहे. एका बाजूला जुन्या वाड्याचा दगडी ओटा, दुसरीकडं विजेचा खांब. तिथं आधीची त्यांची मोठी गाडी कायम दोन-तीन वेळा मागं-पुढं करून काढावी लागायची. चालक आरशात बघत, मागं एक पोरगा हात दाखवत, आणि तोवर दोन रिक्षावाले हॉर्न देत. ही गाडी एकदाच वळली. मी ओट्याजवळ उभा राहून बघत होतो. पुढचं चाक नव्हे, मागचं आतलं चाक बघत होतो. लांब गाडीचं मागचं आतलं चाक नेहमी कोपरा कापतं. आमच्या जिल्ह्यात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या दुसऱ्या ट्रॉलीचं चाक वळणावरच्या दुकानांच्या पायऱ्या कशी खातं ते कुणाला सांगायला नको. इथं ते चाक ओट्यापासून चांगलं हातभर लांबून गेलं, जवळजवळ पुढच्या चाकाच्याच वाटेनं. कंपनी म्हणते, दहा अंशांच्या व्यवस्थेनं वळणाचा घेर दोन मीटरपर्यंत कमी होतो आणि लांब व्हीलबेसच्या ह्या गाडीला अकरा मीटरांच्या आत पूर्ण फेरा घेता येतो. म्हणजे इनोव्हा क्रिस्टाएवढ्या जागेत. जाहिरातीवर माझा विश्वास नसतो. ओट्यावर होता.

फोर्कलिफ्टची आठवण मात्र खोटी ठरली नाही. वळताना गाडीचं मागचं बाहेरचं अंग खांबाच्या बाजूला सरकलं, साध्या गाडीपेक्षा जास्त. भिंतीला चिकटून उभी केलेली असली आणि निघताना एकदम पूर्ण स्टिअरिंग फिरवलं तर बंपर घासणारच. अण्णांच्या चालकाला मी ते सांगितलं. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी कळलं मामा. कसं कळलं ते मी विचारलं नाही.

पण माझं मत फिरवलं ते गल्लीनं नव्हे. गल्लीपुरतं मी कबूल केलं असतं आणि म्हणालो असतो, ठीक आहे, पार्किंगची सोय आहे, ड्रायव्हर ठेवणाऱ्यांचे लाड आहेत. माझा खरा आक्षेप वेगाचा होता. मागचं चाक महामार्गावर हललं तर?

साधी गाडी वेगात लेन बदलते तेव्हा खरं काय होतं, हे मी आयुष्यभर टायर हाताळूनही नीट मांडलं नव्हतं. तुम्ही स्टिअरिंग वळवता. पुढचे टायर बाजूला ढकलायला लागतात. मागचे अजून सरळच आहेत. त्यांना बाजूचा जोर द्यायला आधी गाडीचं अंग तिरकं व्हावं लागतं. तेवढ्यात नाक एकीकडं गेलेलं असतं आणि शेपूट मागून येत असते. लेन बदलून स्टिअरिंग परत सरळ केलं की हेच उलट. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला जो झोका बसतो तो ह्या उशिराचा. गाडी जितकी जड, तितका झोका वाईट. ताशी साठच्या पुढं ह्या गाडीचं मागचं चाक पुढच्याच दिशेनं वळतं, आणि तेही अगदी थोडं. दहा अंश ही फक्त गल्लीतली गोष्ट. वेगात ते थोडंसं वळणं एवढंच करतं, की मागच्या टायरला गाडी तिरकी होण्याची वाट बघावी लागत नाही. पुढचा आणि मागचा टायर जवळजवळ एकदमच बाजूला ढकलतात. व्हीलबेस आणखी लांब असल्यासारखी गाडी वागते.

मोहोळपर्यंत मी ती चालवून आणली. गाळपाचा हंगाम होता. आपल्या पुणे रस्त्यावर ह्या दिवसांत संध्याकाळी काय असतं ते माहीत आहे: पुढं अंधार, अंधारात अचानक ऊस. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि चालक गाणी लावून उजव्या लेनमध्ये. तशी एक ट्रॉली आली. मी लेन बदलली, जशी नेहमी बदलतो तशी. गाडी सगळीच्या सगळी शेजारच्या लेनमध्ये सरकून गेली. अण्णा मागं फोनवर बोलत होते, त्यांचं वाक्य तुटलं नाही. माझ्या हाताला ज्या शेपटीची सवय होती, ती आलीच नाही. जे चाक वळतं म्हणून मी त्याला वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, त्याच्या वळण्यानंच गाडी जास्त सरळ राहिली होती.

त्या रात्री सरांना फोन केला. तो म्हणाला, "कागदावर सगळंच वळतं, नाही का?" मी फोन ठेवला.

आता ॲक्टिव्ह स्टिअरिंगबद्दलही न्यायानं बोलायला हवं. ते नुसतं मनगटाचं सुख नव्हतं. एका बाजूची चाकं ओल्या मुरुमावर आणि दुसऱ्या बाजूची डांबरावर असताना ब्रेक दाबला की गाडी डांबराकडं फिरते. तिथं ती मोटर चालकाच्या आधी उलट कोन देऊन गाडी सावरते. हे काम मोठं आहे. बीएमडब्ल्यूनं २००८ च्या सात मालिकेत दोन्ही हुशाऱ्या एकत्रच लावल्या, पुढं ग्रहमाला गिअर आणि मागं तीन अंशांपर्यंत वळणारी चाकं, तेव्हा दोघांत भांडण लावणारा मीच होतो म्हणा. पण पुढचा इतिहास बघितला तर वजन कुठं सरकलं ते दिसतं. स्टिअरिंगला तेलाच्या पंपाऐवजी विजेची मदत आली. रॅकचे दात मध्ये एका अंतरानं आणि टोकांकडं वेगळ्या अंतरानं कापले, की थोडं फिरवून जास्त वळण्याची निम्मी करामत नुसत्या दातांत बसते. वेगानुसार बदल होत नाही, स्टिअरिंग किती फिरवलं त्यानुसार होतो, पण बहुतेकांना तेवढं पुरतं. महिंद्राच्या चाकणहून निघणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई ह्या विजेच्या गाड्यांत असं बदलत्या प्रमाणाचं स्टिअरिंग आहे. मी ज्याला जर्मन डोकं म्हणून डोक्यावर घेतलं होतं ते आता कर्जावर मिळणाऱ्या गाडीत येऊन बसलं. मागच्या चाकाची करामत दातांत बसत नाही. तिला मागं मोटर लागतेच.

आणि ती दोनदा जाऊन तिसऱ्यांदा का टिकली, ह्याचंही उत्तर मला आता वेगळं दिसतं. प्रिल्यूडच्या काळात ह्या एका सोयीसाठी सगळा लोखंडी पसारा वेगळा लावावा लागायचा. आज गाडी कुठल्या बाजूला किती फिरते आहे, कुठलं चाक किती वेगात आहे, स्टिअरिंग किती अंशांवर आहे, हे सांगणारे सेन्सर घसरण रोखायच्या यंत्रणेसाठी आधीच बसवलेले असतात. त्यात भर विजेच्या गाड्यांची. बॅटरी फरशीखाली पसरायची म्हणून दोन ॲक्सल लांब गेले. २०२२ पासून चाकणला जोडल्या जाणाऱ्या ईक्यूएसचा व्हीलबेसही ३.२१ मीटर आहे. एवढं लांब वाहन शहरात वळवायचं तर मागच्या चाकाला कामाला लावण्यावाचून गत नाही. इथं माझी कुरकुर सुरू होते. आधी गाडी नको तेवढी लांब करायची, मग ती लांबी लपवायला यंत्र लावायचं आणि त्याचे पैसे वेगळे घ्यायचे. हायड्रॉलिक ट्रेलरची गोष्ट वेगळी. पवनचक्कीचं पातं घेऊन जाणारा ट्रेलर बायपासच्या वळणावर येतो, मागच्या चाकांशेजारी रिमोट घेऊन एक माणूस चालत असतो आणि पुढचा चालक एकीकडं, हा दुसरीकडं वळवत ते धूड काढतात. फताटेवाडीला एनटीपीसीचा प्रकल्प उभा राहिला तेव्हाही अवजड यंत्रं असल्याच चाकांवर आली. पातं कापून आणता येत नाही. मोटार आखूड करता येते.

दुसरी कुरकुर धंद्याची, आणि ती स्वार्थाची आहे हे मान्य. अशा गाडीची अलाइनमेंट करायची तर आधी मागचं यंत्र शून्यावर आणून संगणकाला ते शून्य शिकवावं लागतं. त्याला कंपनीचं उपकरण लागतं, त्याची परवानगी लागते, ती आमच्यासारख्याला सहज मिळत नाही. खड्ड्यात आपटून मागचं चाक दहा मिनिटांनी बिघडलं तर तो दोष लोखंडाचा की मोटरच्या शून्याचा, हे मला माझ्या मशीनवर सांगता येत नाही. म्हणून अण्णांची गाडी मी बघितली, चालवली, वाखाणली, पण तिच्या बोल्टला पाना लावला नाही. मुलगा म्हणतो, मागंही फिरत्या थाळ्या घेऊ. मी म्हणतो, आधी ते उपकरण मिळू दे, थाळ्यांचं नंतर बघू. ह्यावर आमचं अजून ठरलेलं नाही.

छोट्या गाड्यांना हे लावू नये हेही माझं मत कायम आहे. अडीच मीटर व्हीलबेसच्या गाडीला गल्लीत काही अडत नाही, आणि मागं दोन जादा सांधे, दोन जादा रबरी बूट, एक जादा मोटर म्हणजे आपल्या चिखलात आणि धुळीत बिघडायला तेवढ्याच जादा जागा. खोट्या नखऱ्यांना तर माझा पूर्वीइतकाच विरोध. चारही चाकं एकाच दिशेनं फिरवून गाडी आडवी चालवून दाखवतात, ते लग्नाच्या वरातीत बरं दिसेल.

परवा एक बिल्डर विचारायला आले. मोठी गाडी घेतोय, मागचं चाक साडेचार अंश वळणारी घेऊ की दहा अंश वळणारी? पूर्वी मी म्हणालो असतो, शून्यवाली घ्या. मी विचारलं, बंगला कुठं? जुळे सोलापूर, म्हणाले, पुढं चाळीस फुटी रस्ता. आणि फिरणं? आठवड्याला पुणे, कधी हैदराबाद. मग साडेचार भरपूर झाले, म्हणालो, महामार्गाला तेवढं वळण पुरून उरतं. दहा अंशांचे पैसे पेठेत राहणाऱ्यानं द्यावेत.